न रुजलेला रोग

लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघालेली पवन एक्सप्रेस हाजीपूर, मुझफ्फरपूर, समस्तीपूर, दरभंगा असा उत्तर बिहार ओलांडत नेपाळच्या सीमेवरच्या जयनगरला पोहोचते. परतीच्या गाडीतून उतरणारे कितीतरी जण टिळकनगरला हार्बर लोकल पकडतात आणि वाशी, तुर्भे, बेलापूर, पनवेल गाठतात. कोणी इमारतीच्या कामावर, कोणी एपीएमसीत ओझी उचलायला, कोणी एमआयडीसीतल्या कारखान्यात, तर कोणी रिक्षावर. या गाडीच्या वाटेवरचे जिल्हे गेली अनेक दशकं भारतातल्या काळ्या आजाराचं माहेरघर आहेत. पूर्वी हा आजार होऊन गेलेला आणि त्याचे परजीवी अजूनही त्वचेत बाळगणारा एखादा माणूस त्या गर्दीत असणं सहज शक्य आहे. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या इस्पितळांतल्या त्वचारोगतज्ज्ञांना असे रुग्ण अपरिचित नाहीत.

मग हा रोग नवी मुंबईत पसरत का नाही?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. मलेरियाचा परजीवीही असाच कामगारांच्या रक्तातून या शहरात येतो, आणि इथल्या बांधकामांवर त्याला पुढची वाट बिनबोभाट सापडते. दोन्ही परजीवी एकपेशीय आहेत. दोघांनाही एका माणसातून दुसऱ्यात जायला चावणारा कीटक लागतो. दोघांना घेऊन येणारा माणूसही एकाच वसाहतीत, कधीकधी एकाच खोलीत राहतो. तरी एकाचं इथे बस्तान बसतं आणि दुसऱ्याचं बसत नाही. या फरकाचं कारण परजीवीत शोधून सापडणार नाही. ते घराच्या भिंतीत, अंगणातल्या मातीत, शेजारच्या गोठ्यात आणि एका चिमुकल्या माशीच्या सवयींत आहे.

बरा झालेला रुग्ण, उरलेला परजीवी

काळा आजार 'लिशमानिया डोनोव्हानी' या परजीवीमुळे होतो. आपल्या शरीरात शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या भक्षक पेशी असतात, त्यांच्यातच हा परजीवी घर करतो आणि तिथेच वाढतो. प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा ही त्याची मुख्य ठाणी. आठवडेच्या आठवडे ताप, वाढत जाणारं पोट, खंगत जाणारं शरीर, रक्तक्षय आणि उपचार न झाल्यास बहुतेकदा मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. कोलकात्याजवळच्या डमडम छावणीतून आजारी होऊन परतलेल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांना १९०० मध्ये काही चमत्कारिक गोलसर कण दिसले होते. त्यांनी ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण आढळले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावं जोडून परजीवीचं बारसं केलं. मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवून देणारे हेच ते रॉस.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या आजाराचा दुसरा अंक. त्याचं वर्णन कोलकात्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये केलं. काळ्या आजारावरचं 'युरिया स्टिबामाइन' हे औषधही त्यांनीच शोधलं होतं. काळ्या आजारातून बरे झालेले काही रुग्ण काही काळाने त्वचेवर डाग घेऊन परत येऊ लागले. डागांत परजीवी होते, पण रुग्णाला ना ताप होता ना अशक्तपणा. आज या अवस्थेला 'पोस्ट काला-आझार डर्मल लिशमॅनियासिस' म्हणतात. एवढं लांब नाव दवाखान्यातही कोणी उच्चारत नाही, सगळे 'पीकेडीएल' म्हणतात. बिहारच्या आरोग्य मोहिमांत त्याचं नाव आहे 'चमडी का कालाजार'.

भारतात काळ्या आजारातून बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांना पुढे पीकेडीएल होतो. बहुतेकदा तो दोन-तीन वर्षांनी उमटतो, कधी त्याहून खूप उशिरा. काहींना तर आपल्याला मूळ आजार कधी झाला होता हेसुद्धा आठवत नाही. सुरुवात फिकट, पांढुरक्या डागांनी होते. पुढे तोंडाभोवती, हनुवटीवर आणि गालांवर लालसर चट्टे किंवा गाठी येतात. खाज नाही, दुखणं नाही, कामाचा खाडा नाही. त्यामुळे रोजंदारीवरचा माणूस त्यासाठी डॉक्टरकडे जाण्याची शक्यता फार कमी. असा रुग्ण वर्षानुवर्षं हिंडता-फिरता राहतो आणि परजीवी त्याच्या त्वचेत, म्हणजे चावणाऱ्या कीटकाच्या सोंडेला नेमके लागतील अशा ठिकाणी, टिकून राहतात.

हा माणूस खरोखर संसर्ग पसरवू शकतो का, हे तपासण्याची एक सरळ पद्धत आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, निरोगी वाळूमाश्या रुग्णाला चावू द्यायच्या आणि काही दिवसांनी त्यांच्या पोटात परजीवी वाढले का ते पाहायचं. बांगलादेशात आणि मुझफ्फरपूरमध्ये असे प्रयोग झाले. पीकेडीएलचे रुग्ण माश्यांना परजीवी देतात, गाठींचे रुग्ण तर देतातच आणि नुसते डाग असलेलेही देतात, असं दिसून आलं. मुझफ्फरपूरच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट कळली. ज्यांच्या रक्तात संसर्गाची खूण होती पण आजाराची लक्षणं नव्हती, त्यांच्यापासून माश्यांना काहीच मिळालं नाही. याचा अर्थ असा की दोन साथींच्या मधल्या शांत वर्षांत परजीवीला सांभाळणारा माणूस शोधायचा, तर तो तापाने फणफणलेल्यांत न शोधता डागवाल्यांत शोधायला हवा.

तिळाएवढी माशी

परजीवीला माणसामाणसांत नेणारी वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, उभ्या आयुष्यात बहुतेकांच्या नजरेस पडत नाही. ती दोन-तीन मिलिमीटरची, जेमतेम तिळाएवढी. अंगभर लव, रंग मातकट, बसलेली असताना पंख पाठीवर उभे, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे. डासासारखी गुणगुण नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येते. उडणं अशक्त, बहुतेकदा उड्या मारत मारत, आणि जरा वारा सुटला की तेवढंही जमत नाही. तिचा वावर जन्मस्थानापासून सहसा काहीशे मीटरांच्या आतच राहतो.

रक्त फक्त मादी पिते, तेही बहुधा संध्याकाळ ते पहाट या वेळात. डास सोंडेने थेट रक्तवाहिनी गाठतो. वाळूमाशीकडे ते कसब नाही. ती करवतीसारख्या मुखांगांनी त्वचेच्या वरच्या थरातल्या बारीक केशवाहिन्या फाडते आणि साचलेल्या रक्ताच्या थेंबावर तोंड लावते. त्वचेत दडलेल्या लिशमानियाला हीच पद्धत सोयीची आहे, कारण रक्तासोबत त्या थरातल्या परजीवीग्रस्त पेशीही तिच्या पोटात जातात.

पोटात गेल्यावर परजीवीचं रूप पालटतं. गोलसर, शेपटी नसलेला जीव लांबट होतो, त्याला चाबकासारखा कशाभ फुटतो, तो माशीच्या आतड्याला चिकटतो आणि विभागत राहतो. आठवड्याभरात संसर्गक्षम पिढी तयार होऊन पुढच्या बाजूला, माशीच्या घशाकडे सरकते. तिथे परजीवी स्वतःच एक चिकट द्रव स्रवतात आणि वाट अर्धवट बुजवतात. माशीला रक्त ओढणं जड जातं, ती पुन्हा पुन्हा चावते, आणि दर प्रयत्नात ते बूच थोडंथोडं नव्या माणसाच्या त्वचेत उलटून पडतं.

या सगळ्यात एक मोठी अट दडलेली आहे. माशीने एकदा आजारी माणसाचं रक्त प्यायला हवं, त्यानंतर आठवडाभर जिवंत राहायला हवं आणि मग पुन्हा एखाद्या माणसालाच चावायला हवं. मधल्या काळात ती मेली किंवा दुसऱ्या वेळी तिने म्हैस निवडली, तर साखळी तुटली. चावे हजारो असतील, पण त्यांतले असे जोडीचे चावे मोजकेच असतात.

डासात आणि वाळूमाशीत दुसरा निर्णायक फरक अळीचा आहे. डासाची अळी पाण्यात वाढते. वाळूमाशीची अळी मातीत वाढते, तीही विशिष्ट मातीत: ओलसर पण तुंबलेली नाही, शेण आणि पालापाचोळा मिसळलेली, सावलीतली. अंड्यापासून माशी व्हायला महिना-दोन महिने लागतात. या अळ्या इतक्या विखुरलेल्या आणि सूक्ष्म असतात, की अनुभवी कीटकशास्त्रज्ञालाही घमेलंभर माती चाळून एखाददुसरीच सापडते. म्हणून त्यांच्यावर फवारणीच करता येत नाही. मारायची तर मोठी माशीच, आणि तीही जिथे विसावते तिथे.

भिंत, गोठा आणि गंगेची माती

ती विसावते भिंतीवर. भारतात काळा आजार पसरवणारी जात 'फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस'. उत्तर बिहारच्या गावात तिला हवं ते सगळं एका अंगणात मिळत आलं आहे. गंगा-गंडकच्या गाळाची, भूजल वर असलेली, बारा महिने ओल धरणारी जमीन. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भेगाळ भिंती. त्यांच्या अंधारात दिवसभर लपायला जागा आणि हवी ती आर्द्रता. भिंतीला लागून गाय-म्हैस बांधलेली, कधी त्याच छपराखाली. गुरांच्या पायांखाली शेण मिसळलेली माती, म्हणजे अळ्यांचं घर. रात्री रक्तासाठी गुरं आहेत आणि हातभर अंतरावर जमिनीवर झोपलेली माणसंही आहेत.

या चित्रात गुरांचं स्थान विचित्र आहे. भारतात काळ्या आजाराचा परजीवी गुरांत टिकत नाही, तो माणसातच टिकतो. माशीने गाईचं रक्त प्यायलं, तर परजीवीच्या दृष्टीने तो चावा वाया गेला. या हिशेबाने गुरं माणसाला वाचवतात. पण तीच गुरं माश्यांना पोटभर खायला घालून त्यांची संख्या वाढवतात आणि शेणाने त्यांच्या पिलांची सोय करतात. दोन्ही परिणाम खरे आहेत. कोणता जास्त, हे गोठा घरापासून किती लांब आहे आणि माणसं कुठे झोपतात यावर ठरतं. तज्ज्ञांत यावर अजून वाद चालू आहे.

भिंतीचं महत्त्व इतिहासाने फार चांगलं शिकवलं. १९५८ मध्ये देशभर मलेरिया निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं. लक्ष्य होतं डास. पण त्याच भिंतींवर विसावणारी वाळूमाशीही मेली, आणि काळा आजार बिहारमधून जवळजवळ नाहीसा झाला. कोणी तसं ठरवलेलं नव्हतं. फवारणी थांबली, माशी परत आली. पूर्वीच्या साथींतले पीकेडीएलचे रुग्ण गावात होतेच. १९७७ च्या सुमारास वैशाली आणि आसपासच्या जिल्ह्यांत साथ पेटली. १९९२ मध्ये देशात ७७,१०२ रुग्ण आणि १,४१९ मृत्यू नोंदले गेले. मधल्या वर्षांत परजीवी कुठे होता, याचा माग पश्चिम बंगालमधल्या संशोधकांनीही काढला. १९८० च्या दशकात चोवीस परगणा जिल्ह्यात झालेल्या साथीची सुरुवात पीकेडीएलच्या रुग्णापासून झाली असावी, असं अ‍ॅडी आणि नंदी यांनी १९९२ मध्ये मांडलं.

अंगावर डाग असलेला एक माणूस तिथे साथ सुरू करायला पुरला असेल, तर नवी मुंबईत तो का पुरत नाही?

खाजणावरचं शहर

हवामान हे कारण नाही. नवी मुंबई उबदार आणि दमट आहे. तापमान आणि आर्द्रता वाळूमाशीला मानवणारीच आहे. कारण बघायचं तर जमीन आणि घर बघायला हवं.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या भाताच्या खाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर हे शहर आखलं गेलं. खाडीची दलदल मुरूम टाकून उचलली गेली. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडता यावं, म्हणून डच पद्धतीचे होल्डिंग पाँड खोदले गेले. या भरावावर काँक्रीट, डांबर आणि पेव्हर ब्लॉक बसले. शेण मिसळलेली, सावलीतली, पण पाण्याने न भरणारी मऊ माती या आखणीत फारशी उरलीच नाही. आता भिंती. गिलावा केलेली, रंग दिलेली भिंत भेगाळत नाही आणि लवकर वाळते. मजूर वसाहतीतल्या पत्र्याच्या खोल्या माणसाला भट्टीसारख्या वाटतात, आणि कोरड्या उकाड्यात टिकू न शकणाऱ्या माशीलाही त्या मानवत नाहीत. गुरं तर माणसांपासून तुटलीच आहेत. गावठाणांच्या कडेला तबेले आहेत, पण कामगार त्यांच्या भिंतीला टेकून झोपत नाहीत. दूध पिशवीतून मिळू लागल्यावर गाय भिंतीला लागून बांधण्याची गरजच उरली नाही.

आता मलेरियाचा डास पाहा. शहरी मलेरिया पसरवणारा 'अ‍ॅनोफिलीस स्टेफेन्सी' स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. मुंबईशी त्याची ओळख शंभर वर्षांहून जुनी. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला आणि घराघरांतल्या विहिरी व टाक्या यांकडे बोट दाखवलं. नवी मुंबईतल्या प्रत्येक चालू बांधकामावर त्या विहिरींचे वारसदार हजर असतात: काँक्रीट ओलं ठेवण्यासाठी स्लॅबवर बांधलेली पाण्याची आळी, लिफ्टचा खड्डा, तळघरात साठलेलं पाणी, झाकण नसलेली पिंपं. आणि त्यांच्या अगदी शेजारी, अर्धवट इमारतीच्याच तळमजल्यावर, देशाच्या चार कोपऱ्यांतून आलेले मजूर झोपलेले. शहर वाढण्याची जी रीत आहे, तीच या डासाची पैदास करते. वाळूमाशीचं नेमकं उलट होतं. तिचं घर शहर होण्यापूर्वीच्या गावात असतं, आणि शहर होताना ते पुसलं जातं.

गंमत म्हणजे पालिकेची डासविरोधी यंत्रणा वाळूमाशी रोखण्यात फारशी उपयोगी नाही. गटारांत आणि टाक्यांत टाकलेलं अळीनाशक मातीतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. धुरीकरणाचा धूर ओसरला की भेगेत बसलेली माशी पुन्हा मोकळी. नवी मुंबई काळ्या आजारापासून सुरक्षित आहे ती फवारणीमुळे नव्हे, तर आपल्या बांधणीमुळे.

हे समजून घ्यायला रॉस यांचं गणित उपयोगी पडतं. मलेरिया संपवायला शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की रोग आपोआप विझत जातो, असं त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गणिताने दाखवलं. एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण तयार होत असतील, तर साखळी पुढे सरकत नाही. परजीवी येऊ दे, एखादी माशीही असू दे. जोडीचे चावे पुरेसे घडले नाहीत, की प्रत्येक आगमन तिथल्या तिथे संपतं. नवी मुंबईत काळा आजार येत नाही असं नाही. तो येतो, आणि दर वेळी इथेच त्याची पुढची पिढी खुंटते.

सह्याद्रीकडून आलेले इशारे

याचा अर्थ महाराष्ट्र वाळूमाशीपासून मुक्त आहे असा नाही. १९७० च्या दशकात पुण्याच्या आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी औरंगाबाद जिल्ह्यात वाळूमाश्यांतून आणि तापाच्या रुग्णांतून, एकाच हंगामात, सँडफ्लाय तापाचा विषाणू वेगळा केला. त्याआधी १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला होता. आज तो त्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो आणि मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्रात त्याने १८३ मुलांचे बळी घेतले, विदर्भालाही झळ बसली. २०२४ मध्ये तो गुजरातमध्ये पुन्हा उफाळला. तो परजीवी नव्हे, पण त्याचीही वाहक वाळूमाशीच. मराठवाडा-विदर्भातल्या गावांत मातीची घरं, गोठे आणि भेगा यांची जुळणी अजून शाबूत आहे, याचा हा पुरावा.

दुसरा इशारा त्वचेच्या रोगाचाच आहे. लिशमानियाचा आणखी एक प्रकार प्लीहेत न जाता थेट त्वचेवर व्रण करतो. राजस्थानात बिकानेर हे त्याचं जुनं ठाणं. तिथे 'लिशमानिया ट्रॉपिका' हा वेगळा परजीवी आणि 'फ्लेबोटोमस सर्जेंटी' ही वेगळी माशी आहे. हिमाचलच्या सतलज खोऱ्यात मात्र वेगळंच घडलं. २००१ ते २००३ या काळात तिथल्या डोंगरी गावांतून त्वचेच्या व्रणांचे दीडशेहून अधिक रुग्ण पुढे आले, आणि बहुतेकांत परजीवी निघाला काळ्या आजाराचा, लिशमानिया डोनोव्हानी. केरळात अगस्त्यमलैच्या जंगलातल्या काणी आदिवासींतही तसंच आढळलं. श्रीलंकेतही हाच परजीवी मुख्यतः त्वचेचाच आजार करतो.

अगस्त्यमलै हे आपल्या सह्याद्रीचंच दक्षिण टोक. तिथे मातीच्या भिंतीवाचून, बिहारच्या गोठ्यावाचून, जंगलाच्या कडेला साखळी चालते. परजीवी बहुधा रानटी प्राण्यांतही टिकत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे बिहारचं अंगण हा या रोगाचा एक पत्ता झाला, एकमेव नव्हे. पारसिकच्या खाणी, खारघरचे डोंगर, कर्नाळ्याची रानं यांच्या पायथ्याशी नव्या वस्त्या सरकत आहेत. त्यावरून लगेच घाबरण्याचं कारण नाही. पण नवी मुंबईचं संरक्षण तिच्या मधल्या, काँक्रीटच्या भागाला जितकं लागू आहे, तितकं ते डोंगराच्या कडेला आपोआप लागू होईल असं धरून चालता येणार नाही.

डाग कोणता?

इथल्या डॉक्टरला पीकेडीएल ओळखणं अवघड जातं, कारण त्याच्यासमोर असा फिकट डाग आला की पहिला संशय कुष्ठरोगाचा असतो. तो संशय रास्तही आहे. रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्याला कुष्ठरोगाचा जुना इतिहास आहे. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समिती गेली अनेक दशकं काम करते आहे, आणि आशाताई शोधमोहिमेत दारोदार जाऊन डागच शोधतात. पण दोन डागांत एक फरक तपासणं सोपं आहे. कुष्ठाच्या डागावर संवेदना कमी होते, पीकेडीएलच्या डागावर ती शाबूत राहते. शिवाय पीकेडीएल चेहऱ्याच्या मध्यभागी, तोंडाभोवती जास्त घोटाळतो. संवेदना असलेला डाग मग गजकर्ण किंवा कोड समजला जातो, मलम लिहून दिलं जातं, आणि रुग्ण बांधकाम बदलून दुसऱ्या नोडला निघून जातो.

निदानाची किल्ली प्रयोगशाळेआधी एका प्रश्नात असते: गाव कोणतं, आणि पूर्वी कधी लांबलेला ताप येऊन पोट वाढलं होतं का? वैशाली, मुझफ्फरपूर, सारण, समस्तीपूर अशी उत्तरं आली, की आरके-३९ ही झटपट रक्तचाचणी, त्वचेचा छेद घेऊन तपासणी आणि पीसीआर या वाटा खुल्या होतात. उपचार म्हणजे मिल्टेफोसिनच्या गोळ्या, सलग बारा आठवडे. पोटाचा त्रास होतो, डोळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि स्त्रियांना या काळात व पुढेही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. न दुखणाऱ्या डागासाठी तीन महिने औषध घ्यायला माणसाला पटवणं हाच या उपचारातला सर्वांत कठीण भाग.

दोन गावांचा एक माणूस

काळ्या आजारात भारताने मोठा पल्ला गाठला आहे. प्रत्येक तालुक्यात, बिहारच्या भाषेत प्रत्येक ब्लॉकमध्ये, दहा हजार लोकांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचं उद्दिष्ट. २०२३ अखेर देशातले सगळे बाधित ब्लॉक या मर्यादेखाली आले. त्याच वर्षी बांगलादेश हे लक्ष्य गाठल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा जगातला पहिला देश ठरला. त्या मान्यतेसाठी अशी स्थिती सलग तीन वर्षं टिकवून दाखवावी लागते.

रुग्ण इतके कमी झाल्यावर उरतात ते डागवाले. आणि त्यांतले कितीतरी गावात नसतातच. आरोग्य कर्मचारी वैशालीतल्या घरी जातो तेव्हा घरचे सांगतात, तो मुंबईकडे कामाला आहे. नवी मुंबईतल्या आरोग्य केंद्राच्या यादीत तो नसतो, कारण काळा आजार हा इथला रोग नाही. वर्षातले नऊ-दहा महिने त्याचे परजीवी अशा शहरात असतात जिथे त्यांना पुढे जाता येत नाही. मग छठपूजेला किंवा होळीला तो गाडी पकडतो आणि काही आठवडे त्या अंगणात झोपतो, जिथे भिंत आहे, गोठा आहे आणि माशीही आहे. नवी मुंबईची बांधणी परजीवीला अडवते, मारत नाही. ती त्याला फक्त थांबवून धरते.

म्हणून या रोगाची सीमा आखायची, तर ती जिल्ह्याच्या नकाशावर आखून भागत नाही. रुग्णाच्या वार्षिक येण्याजाण्यावर ती आखावी लागते. तुर्भ्याच्या दवाखान्यात कोणी हा डाग ओळखला, बारा आठवड्यांच्या गोळ्या पूर्ण करून घेतल्या आणि नाव बिहारच्या यंत्रणेला कळवलं, तर नवी मुंबईच्या आकडेवारीत काहीच फरक पडणार नाही. फरक पडेल तो मुझफ्फरपूरजवळच्या एखाद्या टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, जिथे पुढच्या पावसाळ्यानंतर एक साथ सुरू होणार नाही. खर्च एका महापालिकेचा आणि फायदा दूरच्या दुसऱ्या राज्यातल्या वस्तीचा, हे आपल्या अंदाजपत्रकांना न पेलणारं गणित आहे. निर्मूलनाची शेवटची काही पावलं मात्र त्याच गणितावर अवलंबून आहेत.